आबांच्या नावावरची वेबसाईट

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, की वरकुट्याच्या हुरड्याची वेबसाईट मधे उघडतच नव्हती, तिच्या जागी कसल्या तरी बुटांची जाहिरात दिसत होती, तर ते काय प्रकरण होतं. मी म्हटलं, लिहून कळवते. ते सांगायचं तर सुरुवात आबांपासून करावी लागते, आणि फोनवर तुमचे आजोबा मधे मधे बोलायला लागले की माझा धागा तुटतो.

थोरले आबा म्हणजे तुमच्या आजोबांचे मोठे भाऊ. लहानपणी तुम्ही वरकुट्याला आलात की ते तुम्हाला ट्रॅक्टरवर शेजारी बसवून विहिरीपर्यंत न्यायचे आणि मी रागावले की म्हणायचे, "अगं, ट्रॅक्टर हाय, उडायला इमान न्हाय." त्यांनी शेती पाहिली, तुमच्या आजोबांनी नोकरी धरली, म्हणून ते वरकुट्याला आणि आम्ही बारामतीत. आबा जाऊन आता काही वर्षं झाली. थोरल्या जाऊबाई त्यांच्याही आधी गेल्या. मागे राहिली ती दोन मुलं. मोठी मुलगी निरवांगीला दिलेली, तिला आम्ही सगळेच आक्का म्हणतो. धाकटा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, वरकुट्याची शेती करतो. आणि त्याची बायको, आमची सूनबाई. खरं तर ही गोष्ट तिचीच आहे.

हुरड्याची कल्पना सूनबाईची. थंडीत ज्वारीचा दाणा कोवळा असतानाच कणसं तोडायची, खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव करून, म्हणजे आगटीत, ती भाजायची, आणि हातावर चोळून गरम दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खायचे. आमच्याकडे यात काही विशेष नाही. पण पुण्याची माणसं त्यासाठी सकाळी उठून गाड्या काढतात, हे तिनं हेरलं. अडचण एकच होती. आमच्या भागात जिथे पाणी आहे तिथे ऊस आहे, आणि उसाच्या रानातून ज्वारीसाठी जागा मागणं म्हणजे पंगतीत बसलेल्या माणसाला उठवण्यासारखं आहे.

"ऊस कारखाना घेऊन जातो," पुतण्या म्हणाला होता. "तुझी ज्वारी कोन नेनार?"

"न्यायची कशाला? माणसं येऊन हितंच खाऊन जातील," ती म्हणाली.

बरीच बोलाचाली होऊन त्यानं विहिरीकडची पट्टी तिला दिली, पण अट घालून. ज्या साली माणसं येणार नाहीत, त्याच्या पुढल्या साली तिथे पुन्हा ऊस.

माणसं आली. दर थंडीत वाढत गेली. त्याचं श्रेय सूनबाई वेबसाईटला देते आणि ते खोटं नाही. तिथे फोटो होते, कुठल्या रविवारी जागा आहे ते कळत होतं, आणि घरबसल्या नोंदणी करता येत होती. तो पत्ता तिनं महामार्गावरच्या फाट्याच्या पाटीवर रंगवून घेतला, चटणीच्या पुड्यांवर छापला, पाहुण्यांना द्यायच्या कापडी पिशव्यांवरही घातला. वरकुट्यात कुणाला गावाचा पिनकोड पाठ नसेल, पण त्या वेबसाईटचा पत्ता शाळेतल्या पोरांनाही येतो.

या वर्षी दिवाळी झाली, ज्वारी गुडघ्याच्या वर आली आणि सूनबाईच्या लक्षात आलं की नोंदणी एकही आलेली नाही. मग पुण्याच्या एका जुन्या पाहुण्याचा फोन आला, तुम्ही हुरडा बंद केलात का म्हणून. तिनं मोबाईलवर पत्ता टाकून पाहिला आणि लगेच मला फोन केला.

"काकी, आपल्या साइटवर बूट आलेत."

तुम्हाला हे माझ्याहून चांगलं माहीत आहे, पण लिहिते म्हणजे सगळं एका जागी राहील. वेबसाईटचा पत्ता कुणी कायमचा विकत घेत नाही. असे पत्ते नोंदवणाऱ्या कंपन्या असतात, त्यांच्याकडे तो ठराविक मुदतीसाठी नोंदवायचा आणि मुदत संपायच्या आत नूतनीकरण करायचं. नाही केलं तर कंपनी तो बंद करते, थोडा काळ जुन्या मालकासाठी राखून ठेवते आणि मग तो मोकळा होतो, जो मागेल त्याला मिळतो. आपली मुदत संपून गेली होती. राखून ठेवलेला काळ चालू होता. तोही संपला असता तर पाटीवरचा, पुड्यांवरचा आणि पिशव्यांवरचा पत्ता उद्या कुणा बूटवाल्याचा झाला असता, आणि विहिरीकडच्या पट्टीत पुढल्या साली ऊस.

पुतण्यानं आधी स्वतःच कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पुढचं त्यानं आमच्या दिवाणखान्यात बसून सांगितलं ते असं.

"बाई हिंदीतनं बोलत व्हती. इचारलं, तुमी खातेदार हाय का. म्हनलं, न्हाय, खातेदार आमचे वडील. म्हनाली, मग त्यांना फोन द्या. म्हनलं, ते तर वारले. लई हळहळली बिचारी. दोनदा सॉरी म्हनाली. आन् खात्याला कुलूप घातलं."

"म्हणजे सांत्वन करून कुलूप लावलं," तुमचे आजोबा म्हणाले.

"व्हय काका."

मी हातातलं विणकाम खाली ठेवलं. "एक मिनिट," मी म्हटलं. "वेबसाईट काढली तेव्हा आबा कुठे होते? त्यांचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं की."

पुतण्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही वेडंवाकडं विचारलंय. "मग कुनाच्या नावावर काढायची काकी? आपलं समदं आबांच्याच नावावर असतंय."

आणि त्याचं म्हणणं खरंच होतं. वरकुट्याच्या घरातला विजेचा मीटर अजूनही तुमच्या आजोबांच्या आजोबांच्या नावावर आहे. त्यांना मी फक्त फोटोत पाहिलंय, फेट्यात. दर महिन्याला त्यांना बिल येतं, आणि उशीर झाला तर वीज तोडण्याची धमकीही त्यांनाच येते. दुधाच्या डेअरीत खातं आबांचं. पिठाच्या गिरणीवर डबा ठेवला तरी चिठ्ठीवर नाव आबांचं. यात कुणाला फसवायचं नसतं, की कुणाचं काही लपवायचं नसतं. घरातल्या मोठ्या माणसाचं नाव काढून स्वतःचं घालणं म्हणजे त्याच्या खुर्चीत जाऊन बसणं, असं वाटतं. रानाची तेवढी वारसनोंद करावी लागते, कारण तलाठी सोडत नाही. बाकी सगळ्या ठिकाणी आमची मेलेली माणसं नीट कामाला असतात.

मी एक निळी फाईल काढली आणि तिच्यावर "हुरडा" असं लिहिलं. तुमचे आजोबा म्हणाले, आता निम्मं काम झालं. त्यांच्या तोंडी लागले नाही.

पहिला प्रश्न असा होता, की कंपनीची पत्रं इतके दिवस कुणाला जात होती. वेबसाईट नोंदवून दिली होती इंदापुरातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानदारानं. चौकशी केली तर कळलं, दुकान बंद करून तो आता वडगाव निंबाळकरला आपल्या घरी गाई सांभाळतो. आम्ही गाडी काढली. तुमचे आजोबा चालवत होते, मी पुढे, पुतण्या आणि सूनबाई मागे. गोठ्यात पोचलो तेव्हा तो धारा काढून मोकळा झाला होता आणि बादल्या धूत होता. आम्हाला पाहून त्यानं हात पुसले, खाट टाकली, चहा सांगितला.

"कॉम्प्युटर का सोडलात?" आजोबांनी विचारलं.

"दर दोन म्हैन्याला काहीतरी नवीन निघतं तात्या, आन् जुनं समदं वाया जातं. गाय बरी. गाईला पासवर्ड न्हाय."

पुतण्यानं विषय काढला, जरा घुश्श्यातच. "पर तुमी त्यावेळी सांगायचं न्हाय का, की जित्या मानसाच्या नावावर करा म्हनून?"

"मी इचारलं व्हतं, नाव कुनाचं घालू. तुमी म्हनलात, आबांचं. आता तुमचे आबा जित्ते हायत का न्हायत, हे मी इचारायचं व्हय? बरं दिसतं का ते?"

मनुष्य भला होता. आबांच्या नावानं त्यानंच उघडलेली ईमेल त्याच्या मोबाईलवर अजून शाबूत होती. ती त्यानं उघडून माझ्या हातात दिली, आणि मी खाटेवर बसून आबांची पत्रं वाचायला लागले.

पुष्कळ होती. सगळी इंग्रजीत, सगळी आदरपूर्वक, सगळी आबांना उद्देशून. तुमची मुदत संपत आली आहे. तुमची मुदत उद्या संपेल. तुमची मुदत संपली. वाढदिवसाच्या शुभेच्छा. आणि सगळ्यात शेवटी आलेलं एक पत्र होतं, त्यात हृदयाचं चित्र काढलं होतं आणि लिहिलं होतं, की बऱ्याच दिवसांत आपण आला नाहीत, आम्हाला आपली फार आठवण येते.

मी त्याचा अर्थ मराठीत सांगितला. पुतण्या गोठ्याकडे बघत राहिला. सूनबाई म्हणाली, "येते तर येते. आम्हाला पण येते," आणि पदरानं नाक पुसलं. मग आम्ही सगळेच हसलो, कारण आबा असते तर या पत्राला त्यांनी पोस्टकार्डानं उत्तर पाठवलं असतं.

ईमेल उघडली तरी खातं उघडेना. कुलूप काढायला ओटीपी लागत होता आणि तो जात होता आबांच्या मोबाईलवर. आबांचा मोबाईल वरकुट्याच्या कपाटात त्यांच्या चष्म्याशेजारी होता आणि नंबर केव्हाच बंद पडला होता. तेव्हा सरळ मार्ग धरायचा असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर टेबलावर बसून कंपनीला पत्र लिहिलं. मोजकं. मूळ खातेदार वारले आहेत, वेबसाईटच्या पत्त्याचं हे नाव त्यांच्या सुनेच्या व्यवसायाचं आहे, हंगाम तोंडावर आला आहे, नाव दुसऱ्याला देऊ नये, आणि वारसांकडे ते करण्यासाठी काय लागेल ते कळवावं.

उत्तर एका मुलीचं आलं. फोनवर हळहळली होती तीच की दुसरी, देव जाणे. तिनं लिहिलं, की चौकशी संपेपर्यंत नाव कुणालाही दिलं जाणार नाही. पण चौकशी पुरी होईपर्यंत ते चालूही होणार नाही. मृत्यूचा दाखला हवा, सगळ्या वारसांच्या सहीचं संमतिपत्र हवं, आणि यापुढे नाव कुणाच्या नावावर करायचं ते त्यात स्पष्ट हवं.

म्हणजे आता नाव जाण्याची भीती नव्हती, पण ज्वारी थांबणार नव्हती. सूनबाई रोज संध्याकाळी फोन करायची आणि आधी रानाची बातमी द्यायची. "काकी, कणीस बाहेर पडलं." मग, "दाणा धरला." मग, "दुधात आलाय, काकी." कोवळ्या हुरड्याला जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. त्यानंतर दाणा कडक होतो आणि ती नुसती ज्वारी उरते.

मी दाखला पाठवला. त्यावर त्या मुलीचं पत्र आलं, अतिशय सभ्य आणि अतिशय गोंधळलेलं. तिनं लिहिलं होतं, की आपल्या कागदपत्रांनुसार खातेदारांचं निधन आधी झालं असून त्यांनी नाव त्यानंतर नोंदवलेलं दिसतं. कृपया खुलासा करावा.

तुमच्या आजोबांना मी हे वाचून दाखवलं. ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "लिही," ते म्हणाले, "थोरल्या भावाला मी ओळखतो. एकदा ठरवलं की कशालाही अडायचा नाही."

खुलासा काय करायचा, यावर मी बराच विचार केला. खोटं लिहायचं नव्हतं. चूक झाली, दुकानदारानं घोटाळा केला, असं लिहिलं असतं तर चाललं असतं, पण ते खरं नव्हतं. शेवटी मी जसं आहे तसं लिहिलं. आमच्याकडे घर चालतं ते घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या नावानं, आणि ते माणूस गेल्यानं नाव जात नाही. मुलानं वडिलांचं नाव दिलं ते कंपनीला फसवायला नाही, तर दुसरं नाव द्यायचं त्याच्या मनातच आलं नाही म्हणून. पुरावा म्हणून मी वरकुट्याच्या चालू महिन्याच्या वीजबिलाचा फोटो जोडला आणि खाली लिहिलं, की ज्यांच्या नावानं हे बिल आलं आहे ते माझ्या पतीचे आजोबा, आणि माझं लग्न झालं तेव्हा त्यांना जाऊन बराच काळ लोटला होता.

तिचं उत्तर त्याच दिवशी आलं. खुलासा वरिष्ठांना दाखवला, तो मान्य झाला. खाली एक ओळ जास्तीची होती. आमच्या घरचा गॅसही माझ्या पणजोबांच्या नावावर आहे, हे मला काल रात्री आईकडून कळलं.

आता राहिलं होतं ते वारसांचं संमतिपत्र. वारस दोनच, पुतण्या आणि आक्का. मजकूर मी टाइप केला, छापून आणला, फाईलमधे घातला, आणि आम्ही चौघं निरवांगीला गेलो.

आक्का ओसरीवर सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन फोडत बसली होती. ती तुमच्या आजोबांच्या आणि माझ्या पाया पडली, चहा झाला, निरवांगीची ख्यालीखुशाली झाली. मग मी फाईल उघडली. आक्कानं फाईलकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं.

"कागद आनलाय व्हय," ती म्हणाली. "तरी म्हनलं, ह्याला बहीन कशी आठवली."

"तसं न्हाय आक्का," पुतण्या म्हणाला.

"तसंच हाय. आबा गेलं तवा रानाच्या कागदाला माझी सही लागली. सोडला हक्क, केली सही. साडी मिळाली, हिरवी. ह्या कागदाला काय हाय?"

"ह्याला हुरडा हाय."

"हुरडा मी सही न करता बी खानार. माझ्या बापाचं रान हाय." एक शेंग फोडून तिनं दाणे माझ्या हातावर ठेवले. "काकी, तुमी वाचा बरं. विंग्रजीत काय काय लिवलंय ते मराठीत सांगा. न्हायतर नवऱ्याचं घर बी लिवून घेतील माझ्याकडनं."

मी वाचलं. आम्ही खाली सही करणारे, अमक्यांचे वारस, विनंती करतो की वेबसाईटचं हे नाव यापुढे त्यांच्या मुलाच्या नावावर करावं.

"कुनाच्या?"

"मुलाच्या. तुझ्या भावाच्या."

"का?" आक्का म्हणाली.

खरं सांगते, हा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता. आबांनंतर मुलगा, हे इतकं ठरलेलं होतं, की मजकूर टाइप करताना माझी बोटं त्याच्या नावाशी क्षणभरही थांबली नव्हती.

"ह्यानं काय केलं त्यात?" आक्कानं विचारलं. "ज्वारी कुनी लावली? फोटो कुनी काढलं? पुन्याच्या बायकांना चटणी कोन बांधून देतं?"

सूनबाई सुपातल्या टरफलांकडे बघत होती. पुतण्या म्हणाला, "अगं आक्का, घरातलंच हाय की. माझ्या नावावर काय आन् तिच्या नावावर काय, एकच हाय."

"एकच हाय ना? मग तिच्या लाव."

तुमचे आजोबा उगीचच छपराकडे बघायला लागले. पुतण्या जरा सावरून बसला. "लावलं असतं. पर कंपनीचा फोन येतो, हिंदीत बोलावं लागतं, बाईमानूस..."

"फोन तीच घेती," आक्का म्हणाली. "तू एकदाच घेतलास, तर कुलूप लागलं."

त्यावर सूनबाई हसली. तोंडाला पदर लावून, पण हसलीच. आणि मग पुतण्याही हसला, कारण दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काकी, खोडा माझं. तिचं घाला."

खाडाखोड केलेला कागद मी कंपनीला पाठवणं शक्य नव्हतं. फाईलमधे कोरे कागद होतेच. आक्काच्या ओसरीवर, तिच्या पोळपाटाची पाठ टेकायला घेऊन, मी सगळा मजकूर पुन्हा हातानं लिहिला. शाळेत आमच्याकडून इंग्रजी अक्षर गिरवून घेत, ते इतक्या वर्षांनी नीट कामाला आलं. नावाच्या जागी पोचले तेव्हा सूनबाईला म्हटलं, तुझं पूर्ण नाव सांग. तिनं इतक्या हळू सांगितलं की आक्का म्हणाली, "मोठ्यानं सांग की. चोरीचं हाय का?"

पुतण्यानं पहिली सही केली. आक्कानं पेन हातात घेतलं आणि थांबली.

"काकी, नाव कंचं लिवू? हितलं, का माहेरचं?"

"तू आबांची वारस म्हणून सही करतेयस. आधी माहेरचं लिही, मग सासरचं."

तिनं सुपाला पाय लावून ते बाजूला सारलं, कागद मांडीवर ओढला, आणि आधी स्वतःचं, मग आबांचं नाव, एकेक अक्षर जपून लिहिलं. लिहून झाल्यावर कागद लांब धरून पाहिला. "किती वर्सांनी लिवलं," ती म्हणाली. मग कागद माझ्याकडे देऊन पुन्हा शेंगांना लागली.

बारामतीला आल्यावर सूनबाईची स्वतःची ईमेल उघडली. आतापर्यंत तिला ती कधी लागलीच नव्हती. पासवर्ड ठरवायचा होता तेव्हा मी आणि तुमचे आजोबा तोंड फिरवून बसलो. पुतण्या डोकावायला लागला तर ती म्हणाली, "अहो, तिकडं बघा." आणि त्यानं तिकडं बघितलं. संमतिपत्र पाठवलं, तिचं ओळखपत्र पाठवलं. कुलूप निघालं, नूतनीकरणाचा भरणा झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बूट जाऊन पुन्हा आपली आगटी दिसायला लागली. कंपनीचं पहिलं पत्र तिच्या नावानं आलं तेव्हा तिनं ते मला फोनवर वाचून दाखवलं, स्वतः, अडखळत, पण एकही शब्द न गाळता.

ज्वारी तोवर दुधातून पुढे सरकली होती. सूनबाईनं जुन्या पाहुण्यांना कळवलं, पाटीजवळ फळा लावला, आणि नोंदण्या अशा आल्या की रविवारी अंगणातली भांडी पुरेनात. वेबसाईट परत उघडल्यावरची पहिली नोंदणी मात्र पुण्याची नव्हती, निरवांगीची होती. आक्कानं आपल्या सुनेकडून ती भरून घेतली होती. माणसं किती, कुठला रविवार, सगळं रीतसर. आणि खाली "काही खास सूचना" असा रकाना असतो, त्यात लिहिलं होतं: मालकिणीनं स्वतः वाढावं. मालकानं आगटी फुंकावी.

त्या रविवारी आम्हीही गेलो. पुतण्या खरंच आगटीपाशी बसला होता, धुरानं डोळे लाल झालेला. पुण्याच्या गाड्या विहिरीपर्यंत लागल्या होत्या. मधेच मला म्हणाला, "काकी, पुढल्या साली पट्टी बांधापर्यंत वाढवावी म्हनतो. बियानं तेवढं लवकर सांगायला पायजे." मी म्हटलं, हे मला काय सांगतोस, मालकिणीला सांग. "तिनंच सांगितलंय," तो म्हणाला आणि पुन्हा फुंकायला लागला.

सूनबाई स्वतः परात घेऊन आली आणि आक्काच्या पुढे बसली. गरम कणीस चोळून, फुंकर मारून, तिनं नणंदेच्या ओंजळीत हुरडा टाकला. आक्कानं तोंडात घातला, चावला, आणि मान हलवली.

"जरा निबर झालाय गं."

"व्हय वन्सं," सूनबाई म्हणाली. "सही आधी केली असती, तर कवळा मिळाला असता."

आक्कानं तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि पुन्हा ओंजळ पुढे केली.